चार हिवाळे, तीन तऱ्हांचा बर्फ आणि युनियन फोर्स

माझ्या पहिल्या स्नोबोर्ड बाइंडिंगचा, म्हणजे बूट बोर्डाला बांधून ठेवणाऱ्या जोडणीचा, पट्टा तुटला तेव्हा थंडी उणे १५ अंश होती आणि मी अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या ब्रायटन या स्की रिसॉर्टच्या ग्रेट वेस्टर्न लिफ्टखालच्या उतारावर मध्यावर होतो. पट्ट्याला दातेरी प्लॅस्टिकची फीत असते, तिला इथे लॅडर म्हणतात. मी शिडी म्हणतो. ती थंडीने कडक झाली आणि एका वळणावर मधोमध तुटली. पुढचा पाय बोर्डाला बांधलेला, मागचा मोकळा. बोर्डाच्या टाचेकडच्या कडेवर घसरत खाली यायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी सुटी शिडी शोधायला निघालो तर ते मॉडेल बंद झालेलं आणि सुटे भाग कुठेच नाहीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण निम्मी चूक माझीच होती. ती जोडी मी सवलतीत ऑनलाइन मागवली होती, बूट घालून न बघता, नुसता पायाचा नंबर पाहून.

त्यानंतर घेतलेल्या युनियन कंपनीच्या फोर्स या बाइंडिंगला आता चार हिवाळे झाले, शंभराच्या वर दिवस झाले. मित्रमंडळी दर ऑक्टोबरमध्ये विचारतात, 'कोणतं बाइंडिंग घेऊ?' म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मी मूळचा सांगलीचा. गेली काही वर्षं सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला लीहायमध्ये राहतो. बोर्डवर पहिल्यांदा उभा राहिलो ते वयाच्या ३७ व्या वर्षी. ब्रायटन बिग कॉटनवुड कॅन्यनच्या अगदी टोकाला आहे, पायथा ८,७५५ फुटांवर आणि माथा १०,५०० फुटांवर. हिवाळ्यात सरासरी ५०० इंच बर्फ पडतो. कड्याच्या पलीकडे आल्टा आहे, पण तिथे स्नोबोर्डला बंदी, फक्त स्कीवाल्यांना प्रवेश. त्यामुळे आमचे शनिवार ब्रायटनचेच.

हे सगळं सांगायचं कारण असं की 'ऑल-माउंटन' हा शब्द प्रत्येक खोक्यावर छापलेला असतो आणि त्याचा अर्थ मला ब्रायटनच्या एकाच दिवसात कळला. सकाळी नऊला गुडघाभर भुसभुशीत बर्फ. दुपारी एकपर्यंत तोच बर्फ हजार लोकांनी कापून ढेकळं ढेकळं झालेली, नांगरलेल्या शेतासारखी. आणि संध्याकाळी दिवे लागले की त्याच उतारावर खरवडलेला, चकचकीत, जवळजवळ बर्फाची लादीच. ब्रायटनला रात्रीही लिफ्ट चालतात, आणि मी नोकरी करणारा माणूस असल्यामुळे निम्मे दिवस हा तिसरा बर्फच माझ्या वाट्याला येतो. तिन्हींवर एकच जोडी चालली पाहिजे. भुसभुशीत बर्फात झाडांमधून जाताना घोटा मोकळा हलायला हवा, ढेकळांत पाय थरथरता कामा नये आणि लादीवर टाच दाबली की बोर्डाची कड त्याच क्षणी लागली पाहिजे. पहिली मागणी मऊ बाइंडिंगची, तिसरी ताठ बाइंडिंगची. म्हणून मधलं घ्यायचं, पण ताठपणाकडे किंचित झुकलेलं. फोर्स नेमकं तिथे आहे.

ताठपणाचे आकडे मात्र फार मनावर घेऊ नका. एक ते दहाची पट्टी प्रत्येक कंपनी स्वतःच्याच मालावर लावते. एकीचा सहा दुसरीच्या आठाएवढा ताठ असू शकतो. मी दुकानात तीन जोड्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि हायबॅक, म्हणजे पोटरीमागची ती उभी पाठ, वरच्या कोपऱ्याला धरून पिळून बघितली. टाचेच्या वळणात आपण पोटरीने हायबॅक मागे ढकलतो आणि तो जोर टाचेमागच्या कमानीतून, बुटाखालच्या तळपट्टीतून बोर्डाच्या कडेपर्यंत जातो. हायबॅक रबरासारखी वाकली तर जोर तिथेच विरतो. माझ्या जुन्या जोडीत नेमकं हेच व्हायचं आणि मी दोन वर्षं समजत होतो की माझी मांडी कमजोर आहे. फोर्सची पाठ मागच्या बाजूला भक्कम आहे, पण कडेने पिळली तर थोडी देते. हे थोडं देणं झाडांमध्ये कामाला येतं.

पण सगळ्यात आधी बूट. हे मी सॉल्ट लेकमधल्या एका जुन्या दुकानात शिकलो. तिथे बाइंडिंग लावून देणाऱ्या बाईंनी मला एकही बाइंडिंग दाखवण्याआधी विचारलं, 'बूट आणलेत?' मी आणले नव्हते. त्यांनी मला घरी पाठवलं. लीहायहून परत जाऊन येणं म्हणजे दीड तास. त्यांचा मी आजही ऋणी आहे.

बूट घेऊन परत गेलो तेव्हा त्यांनी तो बाइंडिंगमध्ये घातला, टाच कमानीत मागपर्यंत टेकवली आणि बोर्ड उचलून खालून बघायला लावलं. चवड्याच्या बाजूला बूट जेवढा बोर्डाबाहेर डोकावतो, तेवढाच टाचेच्या बाजूला डोकावला पाहिजे. एका बाजूला जास्त असेल तर खोल वळणात तो भाग बर्फात घासतो आणि कड सुटते. जुन्या जोडीत माझा ९ नंबरचा बूट लार्जमध्ये डुगडुगत होता. दोन्ही बाजूंना बोटभर पोकळी होती. फोर्सच्या मीडियममध्ये तो चापून बसला. त्यांनी मग बाइंडिंग स्क्रूंनी बोर्डाला जोडणारी मधली चकती फिरवली. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. चकतीतल्या खाचा बोर्डाच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या तर दोन पायांमधलं अंतर थोडं थोडं बदलता येतं, आडव्या ठेवल्या तर बूट टाच-चवडा या दिशेने सरकवता येतो. माझा बोर्ड अरुंद असल्याने आम्ही आडव्या ठेवल्या. शेवटी तळपट्टीचा चवड्याखालचा सरकता उतार पुढे ओढून बुटाच्या तळव्याला टेकवला. तो टेकलेला नसेल तर चवड्यावर दिलेला जोर हवेत जातो.

पट्ट्यांवर मला जास्त बोलायचं आहे, कारण दिवसभर पायाला तेच जाणवतात. चवड्याचा पट्टा दोन पद्धतींनी बसतो. जुन्या पद्धतीत बुटाच्या वरून, बोटांवर दाबून. नव्या पद्धतीत बुटाच्या नाकावर टोपीसारखा, जो बुटाला मागे टाचेकडे ओढतो. दुसरी पद्धत निःसंशय बरी, पण बुटाच्या नाकाचा आकार त्याला जुळावा लागतो. टोकदार बुटांवर टोपी वर सरकते. दुकानात घट्ट बांधा, गुडघे वाकवून पुढे झुका आणि टाच उचलायचा प्रयत्न करा. बूटच बाइंडिंगमधून वर येत असेल तर ती जोडी तुमच्या बुटासाठी नाही, कितीही चांगली असली तरी. फोर्सचा पट्टा माझ्या गोल नाकाच्या बुटावर पहिल्या दिवसापासून हलला नाही.

घोट्याचा पट्टा घोट्याच्या वळणावर बसावा, नडगीवर नाही. त्याची गादी पायाच्या बरोबर मधोमध आली पाहिजे. मधोमध येत नसेल तर शिडीची लांबी कमी-जास्त करा, रॅचेट, म्हणजे शिडीच्या दातांवरून पट्टा आवळणारी कळ, आवळत बसू नका. 'बोटं बधिर होतात' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मित्रांपैकी बहुतेकांचा पट्टा एका बाजूला सरकलेला असतो आणि त्याची भरपाई म्हणून त्यांनी तो कचकचून आवळलेला असतो. फोर्सच्या बकला धातूच्या आहेत. हातमोजे न काढता, बोटं गारठलेली असताना त्या एका झटक्यात सुटतात. लिफ्टच्या रांगेत मागचा पाय दर फेरीला सोडावा लागतो, दिवसात वीस-पंचवीस वेळा, तेव्हा ही गोष्ट लहान राहत नाही.

तळपट्टीखाली ईव्हीए फोमच्या गाद्या आहेत. ढेकळांतून येताना गुडघ्यांना बसणारे बारीक हादरे त्या पितात. पंचेचाळिशीकडे चाललेल्या गुडघ्यांना हा फरक दुपारनंतर कळतो. पायांचा कोन मी पुढचा अधिक १८ आणि मागचा उणे ९ अंश ठेवतो (पाय बोर्डावर सरळ आडवा म्हणजे शून्य, अधिक म्हणजे बोटं पुढच्या टोकाकडे वळलेली, उणे म्हणजे मागच्या). सुरुवातीला दोन्हीकडे १५-१५ होता, त्यात माझा मागचा गुडघा संध्याकाळी दुखायचा. गुडघा वाकवल्यावर तो पायाच्या बोटांच्या दिशेने जायला हवा. तो आत पडत असेल तर कोन बदला किंवा दोन पायांमधलं अंतर अर्धा इंच कमी करा. हायबॅकचा पुढचा कल पहिले काही दिवस शून्यावर ठेवा. मी फक्त रात्रीच्या लादीसाठी तो दोन खाचा पुढे घेतो, सकाळी भुसभुशीत बर्फ असेल तर परत मागे.

दुसरं काय घेता आलं असतं? बर्टनचं कार्टेल मी मित्राकडून घेऊन दोन दिवस चालवलं. पायाखाली ते थोडं जास्त मऊ लागलं आणि मला मनापासून आवडलं. ते घेतलं असतं तरी आज पश्चात्ताप नसता. फक्त एक लक्षात ठेवा: बर्टनची बाइंडिंग दोन प्रकारांत येतात. रीफ्लेक्स प्रकार चकतीचा, सगळ्या बोर्डांवर बसणारा. ईएसटी प्रकार फक्त चॅनेलवाल्या बोर्डांवर, म्हणजे ज्यांत भोकांऐवजी लांब खाच असते. फोर्सची चकती चार-बाय-चार, दोन-बाय-चार (ही भोकांमधली सेंटिमीटरमधली अंतरं) आणि चॅनेल अशा तिन्हींवर बसते. बोर्ड बदलत राहतात, बाइंडिंग टिकतं, म्हणून माझं पारडं इकडे झुकलं. शिवाय युनियन तळपट्टी आणि टाचेच्या कमानीला आयुष्यभराची हमी देते. सुट्या भागांसाठी एकदा दारोदार फिरलेल्या माणसाला याचं मोल वेगळं वाटतं.

बायको बर्टनची स्टेप ऑन वापरते. २०१७ साली आलेली ही पद्धत. पट्टे नाहीत, बुटाच्या चवड्याला दोन बाजूंनी आणि टाचेला एक असे खटके, पाय ठेवला की टक्कन अडकतो. लिफ्टवरून उतरून ती निघालेली असते, मी अजून बर्फात बसून पट्टे बांधत असतो. पण त्यासाठी त्याच पद्धतीचे बूट लागतात, आणि बूट पायाला बसणं ही सगळ्यात मोठी गोष्ट. तुमच्या पायाला तिथला बूट चपखल बसत असेल तर खुशाल घ्या. माझा पाय रुंद आहे आणि मला माझे जुने बूट सोडवत नाहीत.

दिवसभर पार्कमध्ये, म्हणजे कसरतींसाठी बनवलेल्या भागात, लोखंडी रुळांवर घसरणाऱ्यांना फोर्स ताठ वाटेल, त्यांनी त्याच कंपनीचं कॉन्टॅक्ट प्रो बघावं. फार वेगाने, फार उभ्या उतारांवर जाणाऱ्यांसाठी अॅटलस आहे, आणखी ताठ. पहिल्या दहा दिवसांत मात्र काहीच विकत घेऊ नका, भाड्याचं वापरा. फोर्सची किंमत साधारण ३०० डॉलरच्या आसपास. मागच्या वर्षीचा रंग मार्च-एप्रिलमध्ये बराच स्वस्त मिळतो आणि आतला माल बहुधा तोच असतो.

घरी लावणार असाल तर ३ नंबरचा पॉझिड्राइव्ह स्क्रूड्रायव्हर घ्या. साध्या फिलिप्सने स्क्रूची खाच खराब होते. ड्रिल मशीन लावू नका, स्क्रूसाठी बोर्डात बसवलेली धातूची आटेदार पुंगळी उखडू शकते. हाताने, चारही स्क्रू आधी अर्धे, मग आळीपाळीने पूर्ण. आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर खाली येऊन पुन्हा तपासा, ते थोडे सैल होतातच. लिफ्टवर बसल्यावर पायाखालून टकटक ऐकू आलं तर स्क्रू सैल झालेत हे तिथूनच समजा. मागच्या पायाची शिडी कोणत्याही कंपनीची असो, सगळ्यात आधी झिजते. माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात एक प्लॅस्टिकची पिशवी कायम असते: एक शिडी, दोन एम-६ स्क्रू आणि हातभर लांबीचा नव्हे, मुठीत मावणारा स्क्रूड्रायव्हर. चार हिवाळ्यांत ती माझ्यासाठी एकदाच उघडली, अनोळखी लोकांसाठी पाच-सहा वेळा.

लेक आता बारा वर्षांची आहे. गेल्या शनिवारी तिने तिची नवी जोडी गॅरेजमध्ये स्वतः लावली, बूट मधोमध आहे का ते बोर्ड उचलून खालून बघितलं, चकती एकदा काढून पुन्हा फिरवली. मी फक्त शेवटी स्क्रू तपासले. आठांपैकी एकाला पाव फेरा लागला.