वाकडं इंजिन, छोटा फ्लॅट: एचओ स्केलचं 'शे' मॉडेल एक पावसाळा वापरल्यावर

मॉडेल रेल्वे सुरू करणाऱ्याला सगळे एकच सांगतात: आधी साधा एक्स्प्रेसचा सेट घे, विचित्र इंजिनांच्या नादी नंतर लाग. ठाण्यातल्या वन बीएचकेत राहणाऱ्याने नेमकं उलटं करावं, असं माझं मत झालंय. माझं शे एचओचं, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या 1/87 मापाचं.

माझ्याकडे जागा चार बाय चार फुटांच्या प्लायपुरती. त्यावर 18 इंच त्रिज्येचं वळण कसंबसं बसतं. लांब एक्स्प्रेस इंजिन तिथे बेढब दिसतं आणि जरा वेग दिला की फेरी संपलीच. शे हे वाफेचं इंजिन मुळात वळणांसाठीच जन्मलेलं. मिशिगनच्या इफ्रेम शे यांनी जंगलातले ओंडके वाहायला ते बनवलं, 1881 मध्ये पेटंट घेतलं. पुढे ओहायोतल्या लिमा कारखान्यात अशी पावणेतीन हजारांच्या आसपास इंजिनं झाली. सिलिंडर उजव्या अंगाला उभे, म्हणून तोल साधायला बॉयलर डावीकडे सरकवलेला. शेजारच्या काकांनी पाहताक्षणी विचारलं, "अरे, हे वाकडं बसलंय का?" सिलिंडर बाजूचा लांब दांडा फिरवतात आणि त्यावरून दातेरी चाकांनी प्रत्येक चाकाला जोर मिळतो. खरं इंजिन ताशी 20-25 किलोमीटरच्या पुढे सहसा जात नसे. त्यामुळे मॉडेल रांगत चाललं तरी खोटं वाटत नाही, आणि दांडा फिरताना बघत बसायला वेळ मिळतो. पैसे तिथेच वसूल.

आता तक्रारी. आवाज मिक्सरसारखा, रात्री दहानंतर बंद. माझ्या नगाचा एक प्लास्टिकचा गिअर तडकला. सुटा भाग परदेशातून आला, कुरिअर आणि कस्टम धरून किंमत सांगण्यासारखी नाही. जुना साठा घेणार असाल तर गिअर बदललेत का, ते विक्रेत्याला आधी विचारा. अमेरिकन सेटचा अडॅप्टर बहुधा 120 व्होल्टचा असतो, आपल्या सॉकेटला थेट लावू नका. मी इथलाच 12 व्होल्ट डीसीचा सप्लाय आणि वेगळा कंट्रोलर वापरतो.

पावसाळ्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण यूट्यूबवरच्या कोरड्या हवेतल्या मंडळींना त्याची कल्पना नसते. स्टीलचे रूळ इथल्या दमट हवेत गंजतात, निकेल सिल्व्हरचेच (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) घ्या. त्यांच्यावरही काळपट थर धरतो; आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं सुती फडकं फिरवलं की जातो. प्लायला दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कडांना ऑइल पेंट मारा, नाहीतर तो फुगून रुळांचे सांधे उचलले जातात. रुळांना वीज एकाच ठिकाणी न देता दोन-तीन जागी वायर सोल्डर करा. तेल मात्र थेंबभरच, तेही प्लास्टिकला चालणारं.

ठाणेकर म्हणून 1853 च्या पहिल्या गाडीची हौस कुणालाही असणारच. पण आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची; 1:87 ला ती 19 मिलिमीटरच्या वर जाते आणि एचओचा रूळ साडेसोळाचा. म्हणजे आपलं इंजिन त्यावर कायम अंग चोरून उभं. शेला ही अडचण नाही, जंगलातले बरेच फाटे स्टँडर्ड गेजचेच, म्हणजे एचओच्या रुळाला जुळणाऱ्या रुंदीचे होते.

काकांचा आग्रह माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनासाठी आहे. त्यातही गंमत आहेच: टोकाच्या चाकांचे आस पोकळ, आतल्या दांड्यावर किंचित वळू शकणारे, म्हणून ते घाटातली वळणं घ्यायचं. तयार मॉडेल मला अजून सापडलेलं नाही. सापडलं तरी आधी दुसरा प्लाय कुठे ठेवायचा, ते घरात ठरायचंय.