मतदार नोंदणीतला पक्षाचा रकाना: डेमोक्रॅट, रिपब्लिकन की कोरा?

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. सभागृहातून बाहेर पडताच दाराशी बसलेल्या स्वयंसेविकेने त्याच्या हातात मतदार नोंदणीचा फॉर्म ठेवला. नाव, पत्ता, जन्मतारीख भरभर लिहून झाली आणि पेन पक्षाच्या रकान्यावर अडलं. तिथूनच फोन आला. "मामा, इथे काय लिहू? मी तर कोरा ठेवणार होतो. दोन्हीकडचे नुसते एकमेकांच्या उरावर बसलेले असतात, आपण कशाला कुणाचा शिक्का मारून घ्यायचा?"

त्याचं म्हणणं मला मनापासून कळतं, कारण नागरिक झालो तेव्हा मीही हेच केलं होतं. पण कोऱ्या रकान्याची किंमत तुम्ही कोणत्या राज्यात राहता यावर ठरते, आणि ती किती असू शकते हे मला २०२१ च्या मे महिन्यात कळलं.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. त्या महिन्यात प्रायमरी होती, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी प्रत्येक पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. त्या दिवशी ऑफिसच्या आधी सकाळी सातला मतदान केंद्रावर पोचलो. टेबलामागच्या आजींनी यादीत माझं नाव शोधलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याच गठ्ठ्यातली मतपत्रिका काढून दिली. माझा पक्षाचा रकाना कोरा, म्हणून तिच्यावर एकही उमेदवार नव्हता. फक्त चार प्रश्न होते: राज्यघटनेतल्या तीन दुरुस्त्या आणि अग्निशमन दलांच्या कर्जाबद्दलचा एक. शेजारच्या बाईंच्या मतपत्रिकेवर न्यायाधीश होते, टाउनशिपचे लोक होते आणि स्कूल बोर्ड होतं. मुलगी तेव्हा सातवीत. मास्क हवा की नको, शाळा कधी उघडायची, यावरून गावात शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता. आमच्या राज्यात स्कूल बोर्डाच्या उमेदवाराला दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत उभं राहता येतं. दोन्हीकडे जिंकला तर नोव्हेंबरमध्ये त्याच्यासमोर फारसं कुणी उरत नाही. म्हणजे माझ्या मुलीची शाळा कुणी चालवायची याचा निकाल त्या सकाळी लागत होता, आणि मी अग्निशमन दलाच्या कर्जापुढचा गोल काळा करून घरी आलो.

एवढं महत्त्व प्रायमरीला का आलं

अमेरिकेतल्या कटुतेबद्दल आपण बातम्यांत ऐकतो ते बहुतेक वॉशिंग्टनचं. ती प्रत्यक्ष कशी काम करते हे पाहायचं तर आपल्याच जिव्हाळ्याचा विषय घेऊ, इमिग्रेशनचा. आपल्याकडून इतकी माणसं इथे येऊ शकली ती १९६५ च्या कायद्यामुळे. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. त्याला दोन्ही पक्षांची भरघोस मतं पडली होती.

आता २०१३ पाहा. सिनेटने इमिग्रेशन सुधारणेचं मोठं विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं, १४ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं. हाऊसमध्ये, म्हणजे काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ते मतदानालाच आलं नाही. पुढच्या वर्षी, १० जून २०१४ ला, हाऊसमधले रिपब्लिकनांचे क्रमांक दोनचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियातल्या आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत हरले. हरवणारे डेव्ह ब्रॅट हे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. कँटर इमिग्रेशनवर मऊ आहेत हा त्यांच्या प्रचारातला मोठा मुद्दा होता. सात लाखांहून जास्त वस्तीच्या मतदारसंघात त्या दिवशी मतं पडली सुमारे ६५ हजार. त्यानंतर ते विधेयक हाऊसमध्ये पुढे आणायला कुणी धजेना.

डावीकडेही तेच. न्यूयॉर्कमध्ये जून २०१८ मध्ये जो क्राउली या बड्या डेमोक्रॅट नेत्याला अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी प्रायमरीत हरवलं. एकूण मतं तीस हजारांच्या आसपास. तिथे नोंदणीकृत डेमोक्रॅट मतदारांशिवाय दुसरं कुणीही मत देऊ शकत नव्हतं.

बहुतेक मतदारसंघ एका रंगाचे झालेत. नोव्हेंबरचा निकाल आधीच माहीत असतो, म्हणून खासदाराला विरोधी पक्षाचं भय उरत नाही. त्याला भय असतं ते आपल्याच पक्षातल्या जास्त कडव्या माणसाचं, आणि तो सामना प्रायमरीत होतो. तिथे येणारे मतदार थोडे आणि तापलेले. मधली माणसं रकाना कोरा ठेवून घरी बसतात आणि मग दोन्ही पक्ष टोकाला गेले म्हणून हळहळतात. मी त्यांतलाच होतो, म्हणून हे पोटतिडकीने लिहितोय.

कोरा रकाना: कुठे किल्ली, कुठे कुलूप

पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क ही कुलपाची राज्यं. पक्ष नाही तर प्रायमरी नाही. आमच्याकडे निदान निवडणुकीच्या १५ दिवस आधीपर्यंत पक्ष बदलता येतो. न्यूयॉर्कमध्ये जूनच्या प्रायमरीसाठी १४ फेब्रुवारीपर्यंत बदल करावा लागतो, म्हणजे उमेदवार कोण हे धड कळायच्या आत. पूर्वी तर मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात संपायची. त्यापायी २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या मुलांना, इव्हांका आणि एरिक यांना, न्यूयॉर्कच्या प्रायमरीत स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नव्हतं. फ्लोरिडाही बंद दाराचंच.

नॉर्थ कॅरोलायना आणि मॅसॅच्युसेट्समध्ये बरोबर उलट. केरी-मॉरिसव्हिलला किंवा बॉस्टनच्या उपनगरांत राहत असाल तर डोळे मिटून कोरा ठेवा. प्रायमरीच्या दिवशी कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते आणि नंतरही तुम्ही कोरेच राहता. पक्ष लिहिलात तर उलट दुसरं दार बंद होतं. तिथे पक्ष नोंदवायचं कारण एकच, पक्षाच्या कामात उतरायचं असेल तर.

न्यू जर्सी मधलं. कोरा मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगू शकतो, पण मत दिलं की त्या पक्षात त्याची नोंद होते. पुन्हा बदलायचं तर पुढच्या प्रायमरीच्या ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे दुसऱ्या वर्षी भलतीच मतपत्रिका हातात पडलेले दोन मित्र माझ्या ओळखीत आहेत. तिथल्या प्रायमरीला आता जास्त अर्थ आलाय हेही सांगायला हवं. पूर्वी बहुतेक काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) पक्षाच्या पुढाऱ्यांच्या पसंतीचे सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एका ओळीत छापले जायचे आणि त्या ओळीबाहेरचा माणूस कोपऱ्यात पडायचा. २०२४ मध्ये सिनेटचे उमेदवार अँडी किम यांनी कोर्टात धाव घेतली आणि डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती पद्धत थांबली. पुढे कायदाच बदलला.

टेक्सास, व्हर्जिनिया, मिशिगन, जॉर्जिया, इलिनॉय: इथे नोंदणीत पक्षाचा रकानाच नाही. पण एक खबरदारी घ्या. टेक्सासमध्ये मार्चच्या प्रायमरीत ज्या पक्षात मत दिलं, त्याच वर्षीच्या प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत (रनऑफमध्ये) दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही. मिशिगनच्या ऑगस्टमधल्या प्रायमरीत दोन्ही पक्ष एकाच कागदावर शेजारीशेजारी असतात. एका रांगेत दोन आणि दुसऱ्या रांगेत एक असे गोल भरलेत, तर पक्षांचा सगळा भाग बाद.

कॅलिफोर्नियात २०१२ पासून काँग्रेस आणि राज्याच्या पदांसाठी सगळे उमेदवार एकाच प्रायमरीत असतात, पहिले दोन नोव्हेंबरला जातात. कोऱ्या रकान्याने तिथे काही बिघडत नाही, फक्त राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षी वेगळी मतपत्रिका मागून घ्यावी लागते. मात्र "अमेरिकन इंडिपेंडंट" या नावापुढे खूण करू नका. तो अति उजवा पक्ष आहे. अपक्ष समजून हजारो लोक त्यात अडकले होते.

डेमोक्रॅट की रिपब्लिकन

कुलपाच्या राज्यात असाल तर हा प्रश्न टाळता येत नाही. बहुतेक जण तो असा सोडवतात: गर्भपात, बंदुका, कर, आरोग्यविमा यांवर मी कुणाच्या जवळचा? तुमचं मत ठाम असेल तर तसंच करा, त्यात गैर काही नाही. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडतानाही ते उपयोगी पडतं.

पण दोन्हीकडचं थोडं थोडं पटत असेल तर माझा सल्ला वेगळा आहे. तुमच्या भागात नोव्हेंबरला कोण जिंकतं ते पाहा आणि त्या पक्षात नोंदणी करा. फिलाडेल्फिया शहरात डेमोक्रॅटिक प्रायमरी हीच खरी निवडणूक. मध्य पेनसिल्व्हेनियातल्या अनेक काउंट्यांत रिपब्लिकन. नोव्हेंबरमध्ये तुम्ही कुणालाही मत द्यायला मोकळे असता, नोंदणीने तिथे हात बांधले जात नाहीत.

याचं आपल्या माणसातलं उदाहरण म्हणजे श्री ठाणेदार. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले ठाणेदार २ ऑगस्ट २०२२ ला मिशिगनमधल्या डेट्रॉईटच्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. नऊ उमेदवार होते. त्यांना २८ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि तेवढ्यावर ते काँग्रेसमध्ये गेले, कारण त्या मतदारसंघात नोव्हेंबर हा उपचार होता. जो माणूस प्रायमरीला आला नाही, त्याने आपला खासदार निवडलाच नाही.

त्याच दिवशी, त्याच राज्यात ग्रँड रॅपिड्सकडे दुसरी गोष्ट घडली. ट्रम्प यांच्या महाभियोगाला पाठिंबा देणाऱ्या दहा रिपब्लिकनांपैकी एक, पीटर माइयर, प्रायमरीत हरले. त्यांच्या कडव्या प्रतिस्पर्ध्याचं नाव पुढे यावं म्हणून डेमोक्रॅट पक्षाच्या प्रचार समितीने जाहिरातीवर पैसे ओतले होते, नोव्हेंबरमध्ये तो पाडायला सोपा जाईल म्हणून. डाव यशस्वीही झाला. मला तो तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत जायचं तर तिथला त्यातल्या त्यात बरा माणूस निवडायला जावं. वाईट माणूस निवडून आणायला जाणं हे विहिरीत घाण टाकण्यासारखं आहे, कारण पाणी आपल्यालाही त्याच विहिरीचं प्यायचं असतं.

पक्ष लिहिण्याचा त्रास किती

त्रास होतो. बहुतेक ठिकाणी तुमचा पक्ष ही सार्वजनिक नोंद असते. मत कुणाला दिलं हे मात्र कुणालाही कळत नाही. यादीत नाव गेलं की फोनवर मेसेजचा पाऊस पडतो. भीती वाटते ती मेसेजची नसते, लोक काय म्हणतील याची असते. आणि ती निराधार नाही. १९६० मध्ये अमेरिकनांना विचारलं होतं की मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षातल्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल का. शेकडा पाचेक जण हो म्हणाले. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारला तेव्हा रिपब्लिकनांतले जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांतले एक तृतीयांश हो म्हणाले. सोयरीक करताना काय काय पाहिलं जातं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, इथे त्या यादीत पक्ष आलाय. आमच्या गणेशोत्सवात जेवणाच्या पंगतीलाही २०२० नंतर दोन टेबलं झाली होती.

तरीही मी पक्ष लिहिला. २०२१ च्या त्याच उन्हाळ्यात फॉर्म भरला आणि पुढच्या मे महिन्यात पूर्ण लांबीची मतपत्रिका हातात घेतली. मी मत दिलेला स्कूल बोर्डाचा माणूस पुढे एकदा जिंकला, एकदा पडला. पण पडला तेव्हा निदान का पडला हे मला माहीत होतं.

भाचा न्यू जर्सीत राहतो, एडिसनजवळ. त्याला म्हटलं, तुझ्याकडे कोरा चालेल, पण एका अटीवर. जूनमधल्या प्रायमरीचा दिवस आत्ताच कॅलेंडरवर टाक, आणि कोणाची मतपत्रिका मागायची हे त्याच्या आठवडाभर आधी ठरव. त्याने तिथेच उभ्या उभ्या फोनवर तारीख टाकली. मग म्हणाला, "मामा, ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाला नोकरी लागायची शक्यता आहे." म्हटलं, मग नवा पत्ता कळवायचा फॉर्म भरशील तेव्हा मला पुन्हा फोन कर.