‘सगळ्या निकॉनवर बसते’ म्हणाला आणि माझे २८,४२० रुपये गेले

आधी हिशोब देतो, म्हणजे कुणी ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात’ म्हणणार नाही. जाहिरात बघून एका माणसाकडून घेतलेली जुनी लेन्स १२,८०० रुपये. कुरिअर २८०. लेन्स तपासून घेतली त्याचे ५००. कॅमेऱ्याची दुरुस्ती ८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४०. कॅमेरा दुरुस्तीला असताना गणपतीची कामं सोडता येत नव्हती, म्हणून भाड्याने आणलेली बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, रोजचे १,८०० प्रमाणे तीन दिवस, ५,४००. सगळे मिळून २८,४२०. यातला एक रुपया आजपर्यंत परत आलेला नाही.

मी अडाणी नाही. बावीस वर्षं फोटोग्राफीवर घर चालवतोय. हे सांगताना शरम वाटते, पण सांगतो, कारण मी फसलो तर काल पहिला डीएसएलआर घेतलेला पोरगा फसणारच.

आमचा स्टुडिओ चिपळूणला होता. बाबांनी सुरू केलेला. त्यांचा निकॉनचा रोलचा कॅमेरा एफएम-टू आणि त्यावरची १०५ एमएम एफ २.५ लेन्स ही आमच्या घरातली सगळ्यात जपलेली वस्तू. डिजिटल आलं तरी ती लेन्स मी सोडली नाही. आधी निकॉनच्या डिजिटल डी७००० वर वापरली, मग डी७५० वर. मेन्यूत जाऊन ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’त १०५ आणि २.५ भरायचं, फोकस हाताने, व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात ठिपका स्थिर झाला की शटर. उजेड मोजणारा मीटर बिनचूक चालायचा. नवरीचा चेहरा त्या लेन्समधून जसा यायचा तसा मला दुसऱ्या कशातून मिळाला नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकान गेलं, त्यात ती लेन्सही गेली. चिखलातून काढली तेव्हा रिंग फिरत नव्हती. नंतर आम्ही पुण्याला आलो.

तर चार वर्षांनी तीच लेन्स विकायला दिसली तेव्हा माझं काय झालं असेल ते ओळखा. निळ्या चादरीवर ठेवलेली, काळी, चकचकीत. खाली लिहिलेलं: ‘अफगाण मुलीचा फोटो याच लेन्सने काढला. एआय केलेली. सगळ्या निकॉनवर बसते. १४,५००.’ (इथे एआय म्हणजे निकॉनची १९७७ पासूनची लेन्स-पद्धत, ती पुढे सांगतो.) तो फोटो स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ साली एफएम-टू आणि १०५ एफ २.५ वर काढला, हे खरंच आहे. पण ती पुढची, एआय-एस आवृत्ती. हा विकत होता ती तिच्या आधीची. नाव एक, आकडे एक, आणि माझ्यासारख्याचं काळीज हलवायला तेवढं पुरतं.

फोन केला. बोलणं अगदी घरच्यासारखं. ‘दादा, निकॉनचा माउंट १९५९ पासून बदललेलाच नाही. कुठेही वाचा.’ माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे अडकते ती कडी. हेही खरं. इथेच सगळी गोम आहे, आणि ही गोम ज्याला माहीत आहे तोच माणूस तुम्हाला असा फसवू शकतो.

माउंटची तीन कानं तीच राहिली, पण १९७७ साली निकॉनने अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक किती उघडं आहे ते, कॅमेऱ्याला कळवायची पद्धत बदलली. तीच एआय. त्याआधीच्या लेन्सवर रिंगला सशाच्या कानांसारखं दोन फाट्यांचं पातं असे आणि बॉडीवरची खुंटी त्यात अडकायची. एआय आल्यावर रिंगची मागची कड कापली गेली आणि तिला एक पायरी ठेवली. ती पायरी बॉडीच्या माउंटला लागून असलेली नखाएवढी जीभ ढकलते, त्यावरून कॅमेऱ्याला अ‍ॅपर्चर कळतं. १९७७ च्या आधीच्या लेन्सची कड अखंड असते. ती डी७०००, डी६१०, डी७५० अशा बॉडीवर फिरवली की सरळ त्या जिभेवर चढते. डी७५० च्या माहितीपुस्तिकेत चालत नसलेल्या लेन्सच्या यादीत ‘नॉन-एआय’ स्पष्ट लिहिलंय. ती पुस्तिका माझ्या कपाटात होती. आहे.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, संताप येतो. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या स्वस्त, छोट्या बॉडींना ही जीभच नाही. त्यामुळे जुन्यातली जुनी लेन्स तिथे लोण्यासारखी बसते. मीटर मात्र चालत नाही, सगळं अंदाजाने करायचं. विकणाऱ्याला एवढंच पुरतं. त्याने मला व्हिडिओ पाठवला. एका हातात निकॉन, दुसऱ्या हातात लेन्स. लावली, टिक् आवाज झाला, खिडकीतल्या कुंडीचा फोटो काढला, स्क्रीनवर दाखवला. ‘बघा दादा, मीटरसकट.’ मीटर नव्हताच. त्याने एक्स्पोजर आधीच लावून ठेवलं होतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तो व्हिडिओ मी चौथ्यांदा बघत होतो. माझी मुलगी, आठवीत आहे, मागे उभी राहून बघत होती. ती म्हणाली, ‘बाबा, याचा स्क्रीन दारासारखा बाजूला उघडतो. तुमचा कुठे तसा उघडतो?’

मी तिला काय म्हणालो माहितीये? ‘तू झोप जा, उद्या शाळा आहे.’

डी७५० चा स्क्रीन वर-खाली हलतो, बाजूला उघडत नाही. माझ्या बॉडीवर उजव्या हाताला माहितीची छोटी पट्टी आहे, व्हिडिओतल्या बॉडीवर तिथे गोल डायल होता. आकारही लहान. तो डी५३०० होता. मी हे कॅमेरे दुकानात विकलेत, पोरांना शिकवलेत, अंधारात हात लावून ओळखेन. चौदा वर्षांच्या मुलीला जे एका नजरेत दिसलं ते मला दिसलं नाही, कारण मी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हतो. मी बाबांच्या लेन्सकडे बघत होतो. ते वाक्य मी त्या दिवशी ऐकून घेतलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. रोज रात्री ते वाक्य आठवतं.

माझी बाजूही सांगू द्या. ‘एआय केलेली’ हे शब्द खोटेच असतात असं नाही. जुन्या लेन्सची रिंग बदलून देण्याची सोय निकॉनने स्वतः केली होती, आणि चांगले कारागीर मागची कड घासून लेन्स नव्या बॉडीवर चालण्याजोगी करतात. अशा लेन्स मी वापरल्यात. त्यामुळे रिंगवर आकड्यांची एकच ओळ दिसली तेव्हा मी स्वतःची समजूत काढली, की घासलेली असेल, घासलेल्यावर एकच ओळ राहते. मूळच्या एआय लेन्सवर दोन ओळी असतात, मागची बारीक आकड्यांची, आणि त्या आकड्यांवर उजेड पडावा म्हणून पात्याला भोकं असतात. बाबांच्या लेन्सला होती. याच्या पात्याला नव्हती. घासलीये की नाही हे फक्त मागून कळतं, आणि त्याने पाठवलेल्या अकरा फोटोंत एकही मागून काढलेला नव्हता. मी मागितला. ‘दादा, आता बाहेर आहे, संध्याकाळी पाठवतो, पण दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन तयार आहे.’ पुढचं तुम्हाला माहीत आहे. ५,००० त्याच क्षणी, ७,८०० कुरिअरची पावती आल्यावर. घासाघीस करून १,७०० कमी केले याचा मला आनंद झाला होता!

मागचा फोटो मिळेपर्यंत पैसे पाठवू नका. संध्याकाळी म्हणाला तर संध्याकाळपर्यंत थांबा. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

पार्सल आलं गणपतीच्या आठ दिवस आधी. उघडली, हातात घेतली. वजन तेच, रिंगचा फिरण्यातला तो लोण्यासारखा जडपणा तोच. मी मागून बघितलं नाही. डी७५० वर ठेवली आणि फिरवली. अर्ध्यावर अडकली. नवी रिंग जरा कडक असेल म्हणून किंचित जोर दिला. कट्ट असा बारीक आवाज आला, पेनाचं टोपण तुटावं तसा. लेन्स बसली. पण काढली तेव्हा जीभ आत वाकून तुटायच्या बेतात लोंबत होती आणि माउंटच्या कडेला पांढरा चरा पडला होता. माझी नेहमीची ५० एमएमसुद्धा मग नीट बसेना. पुढे ज्याने तपासली त्याने मोबाईलचा टॉर्च मागून मारून आतल्या काचेवरचे फंगसचे धागे दाखवले. जाहिरातीत शब्द होता ‘काच एकदम क्लीन’.

विकणाऱ्याला फोन लावला. पहिल्यांदा म्हणाला, ‘तुम्ही दाबून बसवली असणार.’ दुसऱ्यांदा, ‘माझ्या कॅमेऱ्यावर बसते, व्हिडिओ आहे.’ तिसऱ्यांदा नंबर लागलाच नाही.

लक्षात घ्या, ‘माझ्याकडे चालते’ म्हणणारा प्रत्येक जण लबाड नसतो. मिररलेसवाले, म्हणजे आत आरसा नसलेले नवे कॅमेरे वापरणारे, साधा अ‍ॅडॉप्टर लावतात, त्यात ही जीभ नसते. निकॉनच्या या जुन्या, एफ माउंटला माउंटची कड आणि सेन्सरमध्ये ४६.५ मिलिमीटर अंतर लागतं, २०१८ साली आलेल्या मिररलेसच्या झेड माउंटला १६, त्यामुळे मध्ये नळी बसवायला जागा मिळते. निकॉनचा डीएफ, २०१३ चा, त्याची जीभ वर उचलून ठेवता येते. डी७५०० ला ती जीभच नाही. म्हणून ‘बसते का’ हे विचारूच नका. कुठल्या बॉडीवर बसते, तिचा मॉडेल नंबर दाखव, हे विचारा. आणि पहिल्यांदा लावताना अडकली तर हात तिथेच थांबवा. जोर देऊ नका. कधीही.

आता पोलीस. पहिल्या दिवशी गेलो तर साहेब गणपतीच्या बंदोबस्ताला. समजू शकतो. दुसऱ्यांदा गेलो, पाऊण तास बाकावर बसलो. हवालदारांनी ऐकलं आणि विचारलं, ‘लेन्स मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?’ मी म्हणालो, सांगितली एक, दिली दुसरी. ‘म्हणजे काच फुटली का?’ नाही. ‘मग ही दिवाणी बाब आहे.’ मी व्हिडिओ दाखवला, दोन बॉडींतला फरक दाखवला, मोडलेला कॅमेरा टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून बघितला आणि शेजारच्याला म्हणाले, ‘चांगला आहे की.’ त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्यांदा सांगण्यात आलं, आरोपी दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. मी घरून छापून नेलं होतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३: गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. फसवणुकीचं कलम, जुनं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८, तेही लिहून नेलं होतं. ‘आम्हाला कायदा शिकवू नका.’ शेवटी अर्ज घेतला, शिक्का मारला, आवक नंबर दिला. गुन्हा दाखल नाही. तो शिक्का मिळवायला मला कामाचे तीन दिवस गेले. ज्याने पैसे खाल्ले त्याला कुणी एक फोनसुद्धा केला नाही, आणि मला मात्र तीन वेळा आधार कार्डाची प्रत मागितली. चोराची बाजू घेतल्यासारखं का बोलतात ही माणसं? रक्कम लहान आहे म्हणून? मग तेवढं तरी तोंडावर सांगा.

बँक म्हणाली, पिन तुम्ही स्वतः टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. जिथे जाहिरात होती तिथे तक्रार केली, दोन मिनिटांत उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही. कोणी वाचलं असेल दोन मिनिटांत? ग्राहक मदतीच्या फोनवर बाई नीट बोलल्या, पण म्हणाल्या, विकणारा दुकानदार नसून खासगी माणूस आहे, अवघड आहे.

माझी एक चूक इथेही झाली. मी अकरा दिवस त्या माणसाची समजूत काढत बसलो. तुम्ही तसं करू नका. पैसे गेल्याचं कळलं त्याच तासाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात. चॅट पुसू नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधीच काढा, कारण ती नंतर गायब होते. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या, सीरियल नंबर दिसेल असा. मी घेतला नव्हता, म्हणून ‘ही माझी लेन्सच नव्हे’ म्हणायला त्याला वाव मिळाला.

परवा रविवारी त्याची नवी जाहिरात दिसली, वेगळ्या नावाने. तीच निळी चादर. या वेळी ५० एमएम एफ १.४, पात्याला भोकं नाहीत, आकड्यांची एकच ओळ, मागून एकही फोटो नाही. किंमत ९,५००. खाली व्हिडिओ, तीच खिडकी, तीच कुंडी, आणि बाजूला दारासारखा उघडलेला स्क्रीन.