नळाचा टायमर: पाणी चोख देतो, पण पहाटे उठवतो

दोन डायलवाला (एक किती तासांनी, दुसरा किती वेळ), बॉल व्हॉल्वचा (मोटर आतला भोकाचा गोळा फिरवून पाणी उघडते-मिटते) नेहमीचा टायमर. दिवाळीनंतर लावला, आता मे संपत आलाय. परवा त्याची बॅटरी संपली, तीही पाणी चालू असताना. बंद करायला मोटरला वीजच नाही, त्यामुळे व्हॉल्व उघडाच राहिला आणि गच्चीवरची हजार लिटरची टाकी लॉनवरून गटारात गेली. नाशिकच्या मे महिन्यात! कस्टमर केअरचं उत्तर: "सर, बॅटरी वेळेवर बदलत जा."

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. याला घड्याळ नाही. डायल फिरवाल तेव्हा पहिली पाळी, पुढच्या तिथून मोजायच्या. पाणी पहाटे साडेपाचला हवं (ऊन नाही, वारा नाही, रात्री दिलं तर पाती ओली राहून बुरशी धरते), तर आपण साडेपाचला नळाशी हजर. बॅटरी बदलली की पुन्हा हजेरी. सौ. म्हणते, "उठलाच आहात तर पाइपच धरा की!"

बाकी काम चोख. टाकी आठेक मीटर उंचीवर, म्हणजे दाब जेमतेम 0.8 बार. एवढ्यावर बरेच सोलेनॉइड (विद्युतचुंबकावर चालणारे) टायमर कुरकुरतात, हा निमूट उघडतो, निमूट मिटतो. गळती नाही.

सुरुवातीला रोज दहा मिनिटं ठेवलं होतं. माळीकाका म्हणाले, "वरवर भिजवलं की मुळं वरच राहतात, साहेब." मग लॉनवर स्टीलच्या वाट्या मांडल्या. सेंटिमीटरभर पाणी साचायला पाऊण तास! लॉन 400 चौरस फूट, म्हणजे 37 चौरस मीटर. एका मिलिमीटरला 37 लिटर. आठवड्याला 25 मिलिमीटर धरले तर सव्वानऊशे लिटर. हिशेब करून 72 तासांवर पाऊण तास लावलं. हरळी उन्हातही हिरवी आहे, म्हणून तीनऐवजी चार तारे देतो.

चारच, कारण आमची काळी माती पाऊण तास सलग पाणी पीत नाही. शेवटी शेवटी ओघळ फरशीवर येतो. अर्धं देऊन तासाभराने उरलेलं द्यायला हवं, पण त्याला पुन्हा घड्याळच लागतं. नवीन घेणार असाल तर थोडे जास्त पैसे गेले तरी स्क्रीनवाला, वेळ लावता येणारा घ्या. मी घेणार नाही. हा मोडलेला नाही अजून.