घरच्या संगणकावर दुरून कोड चालवताना : फोनवरचे टर्मिनल की चॅटबॉट?

घरी ठेवलेल्या संगणकावर बाहेरून पायथनचा कोड चालवायचा असेल, तर फोनवरील टर्मिनल (टाइप करून आज्ञा देण्याच्या) ॲपमधून एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करून, थेट आत शिरावे की टेलिग्रामवर बॉट (निरोपांना आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम) उभा करून त्याच्याकडे आज्ञा पाठवाव्यात, हा प्रश्न मलाही पडला होता. माझा संगणक नागपुरात मनीषनगरच्या घरी असतो आणि मी दिवसभर मिहान या उद्योगक्षेत्रात असतो. विदर्भातील गावांच्या नावांच्या याद्या एकमेकींशी जुळवणे आणि त्यांतील लेखनभेद शोधणे, हे त्या संगणकाचे काम. दोन्ही मार्ग मी पुरेसे वापरले आहेत. मोजमाप मात्र केलेले नाही.

ताब्याचा विचार केला तर एसएसएच निर्विवाद पुढे आहे. प्रोग्राम मध्येच थांबून ‘पुढे जाऊ का?’ असे विचारू लागला तर उत्तर देता येते, फाइल उघडून दोन ओळी बदलता येतात, आणि टीमक्स हा प्रोग्राम चालू ठेवला की खापरीच्या मेट्रोत नेटवर्क गेले तरी काम थांबत नाही. अडचण येते ती दारातच. घरगुती ब्रॉडबँडला पुष्कळदा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून घरच्या संगणकापर्यंत पोहोचण्यासाठी व्हीपीएनची (दोन्ही उपकरणांना जोडणाऱ्या खासगी जाळ्याची) सोय करावी लागते. बॉटचा प्रवाह उलटा आहे : घरचा संगणकच टेलिग्रामच्या सर्व्हरकडे ‘काही निरोप आहे का?’ अशी सतत विचारणा करत राहतो, म्हणून बाहेरून आत येणारे कोणतेही दार उघडे ठेवावे लागत नाही.

तरीही व्हीपीएन एकदा बसवले की ते पुन्हा बघावे लागत नाही, आणि तेवढ्यावरून मी एसएसएच सोडले नसते. माझा निर्णय झाला तो ‘चिमूर’मुळे. युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) पहिली वेलांटी अक्षरानंतर साठवली जाते आणि दाखवताना ती अक्षराच्या आधी आणली जाते. माझ्या फोनवरील टर्मिनल प्रत्येक चिन्हाला एकेक चौकट देऊन साठवणीच्याच क्रमाने मांडत असे, त्यामुळे ‘चिमूर’ची वेलांटी च च्या पुढे जाऊन पडायची आणि ‘वर्धा’चा रफार सुटून र चा पाय मोडलेला दिसायचा. मूळ यादीच बिघडली आहे असे समजून मी एके दुपारी वेलांट्यांची जागा बदलणारा छोटा कोड लिहून सगळ्या यादीवर फिरवला. फोनवर सारे ठाकठीक दिसू लागले. संध्याकाळी घरी मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा निम्म्या गावांच्या सुरुवातीला वेलांटी लटकलेली ठिपक्यांची वर्तुळे होती! जुनी प्रत होती म्हणून निभावले. पण जे दिसते ते खरे आहे की नाही याचीच खात्री नसेल, तर पूर्ण ताबा हाती असून उपयोग काय, असे तेव्हापासून वाटू लागले. टेलिग्रामच्या खिडकीत तोच मजकूर जसा असतो तसा दिसतो. एका संदेशात 4096 अक्षरे मावतात; त्याहून लांब निकाल बॉट फाइल म्हणून पाठवतो, आणि त्यासाठीची 50 एमबीची मर्यादा माझ्या याद्यांनी कधी गाठलेली नाही.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचा बॉटही मराठी नीट दाखवतो, आणि चार-पाच जणांनी मिळून कोड चालवायचा असेल तर तेथील वाहिन्यांची मांडणी कदाचित अधिक सोयीची ठरेल. मात्र तेथे संदेशाला 2000 अक्षरांची मर्यादा आहे आणि स्लॅश-आज्ञेला (‘/’ने सुरू होणाऱ्या आज्ञेला) बॉटला 3 सेकंदांत पहिली पोच द्यावी लागते. एकट्याच्या कामासाठी मला ती शिस्त जास्त वाटली.

बॉट घेणाऱ्याने सावधगिरी स्वतः बाळगावी लागते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. बॉटचे नाव कोणालाही सापडू शकते, म्हणून पाठवणाऱ्याचा अंकी ओळखक्रमांक तपासल्याशिवाय एकही आज्ञा चालवू नये. आलेला मजकूर जसाच्या तसा शेलकडे (संगणकाच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) देण्यापेक्षा ठरावीक आज्ञाच ठेवाव्यात. माझ्याकडे सहा आहेत आणि सातवीची गरज अद्याप पडलेली नाही. बॉटशी होणारे संभाषण टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसते, तेव्हा पासवर्ड तेथे लिहू नयेत. मित्रांना त्यांचा कोड चालवू द्यायचा असेल तर तो डॉकरमध्ये (उरलेल्या संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात), नेटवर्क बंद करून आणि मेमरी व वेळ यांना मर्यादा घालूनच चालवावा.

तुमचे काम इंग्रजी मजकुराचे किंवा निव्वळ आकड्यांचे असेल आणि कोडमध्ये वरचेवर हात घालावा लागत असेल, तर एसएसएच सोडण्याचे कारण मला दिसत नाही; रविवारी लॅपटॉपवरून मीही तेच वापरतो. देवनागरी निकाल फोनवर वाचायचा असेल तर मात्र मी बॉटकडे झुकेन. फक्त मे महिन्यातील नागपूर लक्षात ठेवावे. भर दुपारी घरची वीज गेली असता उत्तर येत नाही म्हणून मी एकच आज्ञा पाच वेळा पाठवली होती. टेलिग्राम न उचललेले निरोप 24 तासांपर्यंत राखून ठेवते, त्यामुळे वीज आल्यावर पाचही आज्ञा इमानाने चालल्या. आता दहा मिनिटांपेक्षा जुनी आज्ञा दिसली की माझा बॉट ती न चालवता ‘शिळी’ एवढेच कळवतो.