एसीसी, आठ महिन्यांनंतर: ट्रॅक लिमिटचा पहारा चोख, पिट एक्झिटवर मात्र माणूस बसवावा लागतो

असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने हा कार रेसिंगचा गेम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं एसीसी, पीसीवर २०१९ मध्ये पूर्ण रूपात आलं. गाड्यांचा आवाज, व्हीलमधली जाणीव, पाऊस यांवर आजवर भरपूर लिहून झालं आहे, त्यामुळे ते सगळं इथे वगळतो. नाशिकमधल्या छोट्या लीगसाठी आठ महिने, दर शनिवारी रात्री, स्वतःच्या सर्व्हरवर जीटी३ गाड्यांच्या (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या) शर्यती घेतल्यावर दोन गोष्टींबद्दल खात्रीने बोलता येतं. गाडी पांढऱ्या रेषेबाहेर गेली की गेम काय करतो, म्हणजे ट्रॅक लिमिट, ही पहिली. पिटमधून (ट्रॅकशेजारची टायर बदलायला थांबायची जागा) निघालेली गाडी वाहत्या ट्रॅकला मिळते तेव्हा, म्हणजे पिट एक्झिटवर, काय घडतं, ही दुसरी.

पहिल्या बाबतीत गेमवर बऱ्यापैकी विसंबून राहता येतं, दुसऱ्या बाबतीत नाही. हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हे. गेमचा पहारा मुळात वेळेच्या फायद्यावर आहे: तुम्ही रस्ता कापून सेकंदाचा काही भाग चोरला का, एवढं तो बघतो. पिट एक्झिटवर चोरायला वेळ फारसा नसतोच. तिथे प्रश्न असतो तो दोन गाड्यांच्या वेगातल्या फरकाचा, आणि कोणी कोणाला जागा द्यायची याचा.

आधी ट्रॅक लिमिट. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या क्रीडा संहितेतलं परिशिष्ट एल सांगतं की ट्रॅकची हद्द म्हणजे दोन्ही कडांच्या पांढऱ्या रेषा. रेषा ट्रॅकमध्ये धरायच्या, कर्ब (कडेच्या रंगीत, किंचित उंच पट्ट्या) धरायचे नाहीत. गाडीचा कोणताच भाग ट्रॅकला टेकलेला नसेल तर गाडी बाहेर गेली. म्हणजे एक टायर रेषेवर असेल तर तुम्ही आत आहात, चारही टायर कर्बवर असतील तर बाहेर. नवीन चालकांचा पहिला गोंधळ इथेच होतो, कारण लाल-पांढरा कर्ब बघून तो रस्त्याचाच भाग वाटतो. आणखी एक सवय आपल्या भागातली. रॅली ऑफ महाराष्ट्र नाशिकच्या रस्त्यांवर झालेली आहे, आणि रॅली बघून मोठ्या झालेल्या माणसाला वळण आतून कापणं हे कौशल्य वाटतं. रॅलीत ते आहेच. सर्किटवर तोच गुन्हा ठरतो.

सराव आणि पात्रता फेरीत चारही चाकं बाहेर गेली की एसीसी ती लॅप रद्द करतो. शर्यतीत इशारे साठत जातात आणि कोटा भरला की ड्राइव्ह-थ्रू, म्हणजे न थांबता पिट लेनमधून जाऊन यायचा दंड, मिळतो. बाहेर गेल्यावर तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला, वेळ गमावून परत आलात, तर गेम बहुधा इशारा देत नाही. हा भाग फार चांगला जमला आहे. ढकलला गेलेला किंवा अपघात चुकवायला बाहेर गेलेला चालक त्यामुळे सहसा भरडला जात नाही. चालकांना एकच वाक्य पाठ करायला लावा: बाहेर गेलात तर आधी पाय उचला, मग परत या. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून कर्बपलीकडून परतणारा चालक इशाराही ओढवून घेतो आणि मागच्याच्या नाकासमोरही येतो.

चुका होतात त्या ठरावीक कारणांनी. एक कारण आम्हा भारतीयांचं खास आहे. आपण उजवीकडे बसून गाडी चालवतो, आणि या गेममधल्या बहुतेक जीटी३ गाड्यांत चालक डावीकडे बसतो. डोळ्याला सवय असते ती डाव्या बाजूचं लांबचं अंतर मोजायची. इथे लांबची बाजू उजवी असते. डाव्या वळणातून बाहेर पडताना गाडी उजव्या कडेकडे सरकते आणि तिथे उजव्या चाकांचा अंदाज हातभर चुकतो. उपाय सोपा आहे. सराव फेरीत मुद्दाम सावकाश चालवत उजवी चाकं कर्बवर चढवायची आणि बॉनेटचा कोणता भाग कडेच्या रेषेवर दिसतो ते ध्यानात ठेवायचं. दहा लॅपमध्ये डोळा बसतो. सीटची जागा किंवा कॅमेरा बदलला की हे सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून शर्यतीच्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावू नका.

दुसरं कारण ट्रॅकची रचना. फ्रान्सच्या पॉल रिकार्ड ट्रॅकला बाहेर निळ्या-लाल पट्ट्यांचं डांबर पसरलेलं आहे. गाडी बाहेर गेली तरी काही आपटत नाही, त्यामुळे चालक निर्धास्त होतो आणि इशारे भराभर साठतात. रेड बुल रिंग या ट्रॅकची नववी आणि दहावी वळणं उताराची, वेगाची, उजवीकडची. तिथे गाडी आपोआप डाव्या कडेला वाहत जाते. हा त्रास खऱ्या शर्यतीतही होता: २०२३ च्या ऑस्ट्रियन ग्रांप्रीत संशयास्पद प्रसंगांची संख्या १२०० च्या वर गेली आणि २०२४ साठी त्या दोन वळणांच्या कडेला खडीची पट्टी टाकावी लागली. गेममध्ये तिथे एकच उपाय चालतो, तो म्हणजे ॲक्सिलरेटर किंचित उशिरा देणं. ब्रेक लवकर मारून काही होत नाही, कारण चूक वळणात शिरताना होत नाही, बाहेर पडताना होते.

आता पिट एक्झिट.

नियम त्याच परिशिष्टात आहे: पिटमधून निघालेल्या गाड्या आणि ट्रॅकवरच्या गाड्या वेगळ्या ठेवणारी रेषा बाहेर पडणाऱ्या गाडीने ओलांडायची नाही. पूर्वी गाडीचा कोणताही भाग पलीकडे चालत नसे, नंतर शब्दरचना बदलून टायरवर आली. २०२२ च्या मोनॅको ग्रांप्रीनंतर फेरारी संघाने रेड बुल संघाच्या दोन्ही गाड्यांविरुद्ध याच रेषेवरून तक्रार केली आणि ती फेटाळली गेली, कारण टायर रेषेवर होता, पूर्ण पलीकडे गेला नव्हता. लीगसाठी टायरचाच निकष घ्या. रिप्लेमध्ये टायर स्पष्ट दिसतो. बंपरची कड रेषेच्या वर आहे की पलीकडे, यावर मात्र रात्री बारापर्यंत वाद चालतो.

धोका नेमका किती, हे आकड्यांत पाहा. एसीसीत पिट लेनची मर्यादा ताशी ५० किमी आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकच्या मुख्य सरळीवर जीटी३ गाडी ताशी २७० च्या आसपास असते, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. फरक ६१ मीटरचा. लिमिटर (पिट लेनमध्ये वेग मर्यादेत रोखणारं बटण) सोडायच्या क्षणी जी गाडी २०० मीटर मागे आहे, आरशात ठिपक्याएवढी, ती साधारण साडेतीन-चार सेकंदांत तुमच्या शेजारी येते. पाथर्डी फाट्याजवळ सर्व्हिस रोडवरून मुंबई-आग्रा महामार्गावर शिरताना मागून येणारा ट्रक लांब वाटतो आणि क्षणात शेजारी उभा राहतो, तसंच हे. मॉन्झात भर म्हणजे बाहेर पडणारी गाडी उजवीकडे, थेट पहिल्या उजव्या वळणाच्या आतल्या बाजूला येते आणि मुख्य सरळीवरचे सगळे तिथेच ब्रेक मारत असतात. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर पिटमधली गाडी उतारावर उजवीकडून, ओ रूज या वळणाच्या तोंडाशी मिळते, आणि तिथल्या डाव्या झोक्यासाठी बाकीचेही उजवीकडूनच येतात.

पडदा एकच असेल तर शेजारची गाडी दिसतच नाही. २७ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंमीवर असेल तर पडद्यावरच्या दृश्याचा खऱ्या प्रमाणातला उभा कोन सुमारे ३१ अंश आणि आडवा सुमारे ५३ अंश भरतो. दाराशी आलेली गाडी या ५३ अंशांच्या बाहेर असते. कोन ओढूनताणून वाढवला तर अंतरांचा अंदाज बिघडतो आणि ट्रॅक लिमिट चुकू लागतात. म्हणून कोन तसाच ठेवा आणि डावीकडे-उजवीकडे पाहायची दोन बटणं व्हीलवरच, अंगठ्याखाली लावा. कीबोर्डवर ठेवलेलं बटण त्या चार सेकंदांत सापडत नाही. क्रू चीफ हे मोफत ॲप एसीसीला जोडता येतं, त्याचा स्पॉटर शेजारी गाडी असल्याचं बोलून सांगतो. एका पडद्यावर खेळणाऱ्यांना आम्ही ते सक्तीचं केलं आहे.

बाहेर पडायचा क्रम असा बसवा. पिट लेनमध्ये असतानाच पडद्यावरच्या जवळच्या गाड्यांच्या यादीतून मागे कोण, किती सेकंदांवर आहे ते बघा, कारण लिमिटर सुटल्यावर वाचायला वेळ नसतो. मर्यादा संपल्याची रेषा पुढच्या चाकांनी ओलांडेपर्यंत लिमिटर सोडू नका. घाईत अर्धा सेकंद आधी सोडणं हे पिटमधल्या वेगाच्या दंडाचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. नवे टायर असतील तर ट्रॅक्शन कंट्रोल (जोर दिल्यावर चाकं घसरू न देणारी यंत्रणा) दोन पायऱ्या वाढवून निघा आणि स्टिअरिंग सरळ असेपर्यंतच जोर द्या. टायर गरम करायला नागमोडी चालवायची ही जागा नाही. रेषा संपेपर्यंत तिच्या आत राहा, आणि संपली की लगेच रेसिंग लाइनवर (सगळे धरतात त्या सर्वांत वेगवान मार्गावर) उडी मारू नका. पहिलं वळण आतल्या बाजूनेच घ्या, नेहमीपेक्षा १५–२० मीटर आधी ब्रेक मारा आणि वळणानंतरच लाइनवर या. यात अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातं. टक्कर झाली तर शर्यत जाते, आणि ती दोघांची जाते.

ओल्या ट्रॅकवर एक भर. त्र्यंबक रोडवर पावसात झेब्रा पट्ट्यांवरून दुचाकी कशी सटकते हे नाशिककराला सांगायला नको. रंगवलेली रेषा आणि कर्ब पावसात इथेही निसरडे असतात. पिट एक्झिटच्या रेषेवर एक चाक ठेवून जोर दिला की गाडी फिरते ती ट्रॅकच्या मधोमध. पावसात रेषेपासून अर्धी गाडी आत चाला.

ट्रॅकवरच्या चालकाचं कर्तव्य संहितेत इतकं बारकाईने लिहिलेलं नाही, म्हणून लीगच्या नियमांत ते घालावं लागतं. आमचा नियम: पिट एक्झिटची रेषा चालू असेपर्यंत ट्रॅकवरच्या गाडीनेही तिच्यावर चढायचं नाही. रेषा संपल्यावर दोघं नेहमीचे स्पर्धक, आणि शेजारी गाडी असेल तर तिला गाडीच्या रुंदीएवढी जागा सोडायची. खऱ्या शर्यतीत पिटमधून निघणाऱ्याला मागून गाडी येत असल्याचा स्थिर निळा झेंडा दाखवतात. ऑनलाइनमध्ये तो आधार धरू नका.

सर्व्हरचं सांगायचं तर डेडिकेटेड सर्व्हर गेमबरोबर मोफत मिळतो, आणि मुंबईतल्या क्लाउड मशीनवर ठेवला तर नाशिकच्या फायबरवरून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) उत्तम राहतो. मोबाइल हॉटस्पॉटवरून येणाऱ्याला मात्र पिट एक्झिटचा नियम पाळूनही टक्कर होऊ शकते, कारण त्याची गाडी इतरांना उड्या मारताना दिसते. वाय-फाय सोडून केबल लावा. राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस द्या.

सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘अलाउ ऑटो डीक्यू’ शून्य ठेवा. मग सर्व्हर थेट बाद न करता ३० सेकंद पिटमध्ये थांबायचा ‘स्टॉप अँड गो’ दंड देतो आणि प्रसंग तपासायला सवड मिळते. ‘डम्प लीडरबोर्ड्स’ एकवर ठेवा, म्हणजे प्रत्येक सत्राची निकालाची फाइल तयार होते. त्यात प्रत्येक लॅप वैध होती की नाही, दंड कोणाला, कोणत्या कारणाने, कोणत्या लॅपला लागला आणि कोणत्या लॅपला फेडला, सगळं असतं. ही फाइल यूटीएफ-१६ या अक्षरसंकेतात असते. साध्या यूटीएफ-८ ने उघडली की कचरा दिसतो आणि लोक फाइल बिघडली समजून फेकून देतात. तिची खरी उणीव वेगळी आहे: लॅप कळते, वळण कळत नाही. कोणत्या वळणावर चालक सतत बाहेर जातो हे शोधायला रिप्लेच बघावा लागतो, आणि २० गाड्यांच्या शर्यतीत ते तासाभराचं काम आहे.

शर्यत चालू असताना एक माणूस न खेळता फक्त बघायला बसवा. चॅटमध्ये ॲडमिनचा पासवर्ड टाकला की त्याला अधिकार मिळतात. ‘टीपी५’ आणि गाडीचा क्रमांक लिहिला की पाच सेकंदांचा दंड, ‘टीपी१५’ ने पंधरा, ‘डीटी’ ने ड्राइव्ह-थ्रू. शेवटी ‘सी’ जोडला तर कारण टक्कर म्हणून नोंदलं जातं. चुकून दिलेला आणि अजून न फेडलेला दंड ‘क्लिअर’ ने काढता येतो. आमचं प्रमाण असं: टायर पिट एक्झिटच्या रेषेपलीकडे गेला पण जवळ कोणी नव्हतं तर पाच सेकंद, कोणाला ब्रेक मारावा लागला तर पंधरा, टक्कर झाली तर ड्राइव्ह-थ्रू. ड्राइव्ह-थ्रू तीन लॅपच्या आत फेडायचा असतो आणि फेडताना आपल्या पिटच्या जागी थांबायचं नसतं. थांबलात तर तो फेडला धरला जात नाही.

सार्वजनिक लॉबीत असा माणूस नसतो. तिथे सेफ्टी रेटिंगचाच (सुरक्षित चालवण्याबद्दल गेम देतो ते गुण) काय तो धाक, आणि टकरीत दोष कोणाचा हे रेटिंगला नीट कळत नाही. तिथे पिट एक्झिटवर समोरचा नियम पाळेल असं गृहीत धरू नका.

डिस्कॉर्डवर बोलत खेळत असाल तर बाहेर पडणाऱ्याने लिमिटर सोडण्याआधी तीनच गोष्टी बोलायच्या: गाडीचा क्रमांक, ‘पिटबाहेर’, आणि बाजू. ‘सत्तावीस, पिटबाहेर, उजवीकडे.’ उत्तर कोणी द्यायचं नाही, त्या चार सेकंदांत वाहिनी मोकळी ठेवायची.