जिओजेब्रा वापरून पाहिलं: ‘उकल’ म्हणजे काय ते भाचीला आणि मलाही दिसलं

भाचीच्या वहीत दोन चलांतील रेषीय समीकरणांची पंचवीसेक उदाहरणं सोडवलेली होती. सगळी बरोबर. मी सहज विचारलं, “क्ष बरोबर ३, य बरोबर २ आलं, म्हणजे नक्की काय झालं गं?” ती म्हणाली, “उत्तर आलं, मावशी.” तेवढंच. शाळेत मीही हेच उत्तर दिलं असतं. एका चलाचा लोप करायचा, दुसऱ्याची किंमत काढायची, ती परत ठेवायची आणि खाली दोन रेघा मारायच्या. त्या जोडीला उकल का म्हणतात, हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता.

त्याआधी तिच्या मोबाइलमध्ये एक ॲप होतं. उदाहरणाचा फोटो काढायचा की सगळ्या पायऱ्यांसकट उत्तर हजर. नाव लिहीत नाही. एकदा त्याने ‘उकल नाही’ असं उत्तर दिलं आणि तिने ते तसंच वहीत उतरवून घेतलं. का नाही, हे तिलाही सांगता येईना आणि त्या पायऱ्यांतही ते कुठे नव्हतं. ते ॲप मी काढून टाकलं आणि जिओजेब्राचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर उघडला. त्यावर आम्ही तीन आठवडे, रोज संध्याकाळी अर्धा तास बसलो. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

थोडी ओळख करून देते. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी हे काम सुरू केलं. जिओमेट्री आणि अल्जेब्रा हे दोन शब्द जोडून नाव तयार झालं, आणि ते अगदी योग्य आहे: एका बाजूला समीकरण, दुसऱ्या बाजूला त्याची आकृती, एकीला हात लावला की दुसरी हलते. शिकण्यासाठी वापरायला मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं, मोबाइलवरही येतं. (मी इथे क्ष आणि य लिहिते आहे, पडद्यावर मात्र ती अक्षरं इंग्रजीत टाकावी लागतात.)

पहिल्या दिवशी फक्त एकच समीकरण घेतलं: २क्ष + ३य = १२. ते आहे तसंच टाइप केलं, ‘य बरोबर’ अशा रूपात आणायची गरज पडली नाही. रेषा उमटली. मग बिंदूचं साधन घेऊन त्या रेषेवरच एक बिंदू ठेवला. असा ठेवलेला बिंदू रेषेला चिकटून राहतो. बोटाने ओढला तर रेषेवरूनच सरकतो, बाहेर जात नाही. बाजूला त्याचे निर्देशक बदलत राहतात. भाचीने तो (०, ४) वर नेला, मग (३, २), मग (६, ०). प्रत्येक ठिकाणी मी तिला तोंडी ताळा करायला लावला. दोन गुणिले तीन सहा, तीन गुणिले दोन सहा, बारा. बरोबर. मग ती मागे गेली, (−३, ६) वर. उणे सहा अधिक अठरा, बारा. तेही बरोबर. मग मुद्दाम मधेच थांबली, (१.५, ३). तीन अधिक नऊ, बारा.

“म्हणजे कुठेही थांबलं तरी बाराच?” तिने विचारलं. हो, कुठेही. रेषेवरचा प्रत्येक बिंदू ही त्या समीकरणाची एक उकल, आणि रेषेबाहेरचा एकही बिंदू उकल नाही. एका समीकरणाला अनंत उकली असतात हे वाक्य तिला तोंडपाठ होतं. बोटाखाली ते त्या दिवशी आलं. क्ष तीनने वाढला की य दोनने कमी होतो, हेही तिचं तिनेच पकडलं. एका मिनिटाच्या या ओढण्यासाठीच मी या साधनाला पूर्ण गुण देईन.

दुसरं समीकरण क्ष − य = १ टाकलं की दुसरी रेषा येते आणि दोघी (३, २) वर छेदतात. एकसामयिक समीकरणांची उकल म्हणजे दोन्ही रेषांवर असलेला बिंदू, दोन्ही अटी एकदम पाळणारी जोडी. इथवर कागदावरही दाखवता येतं. कागदावर जे जमत नाही ते पुढे आहे.

समीकरणात एखादी किंमत माहीत नसलेलं अक्षर टाकलं, तर जिओजेब्रा त्या अक्षरासाठी सरकपट्टी तयार करतं, म्हणजे ओढून त्याची किंमत बदलता येईल अशी पट्टी. आम्ही ४क्ष + मय = २० असं टाकलं, पट्टीची मर्यादा ७ पर्यंत वाढवली आणि पहिली रेषा २क्ष + ३य = १२ तशीच ठेवली. म ५ असताना छेदनबिंदू (०, ४). म ५.५ केला, बिंदू (−६, ८) वर. ५.९ ला थेट (−५४, ४०), आमच्या पडद्याच्या बाहेर. शोधायला चित्र बरंच लहान करावं लागलं. ६ वर रेषा समांतर झाल्या आणि बिंदू दिसेनासा झाला. ६.१ ला तो परत आला तो उलट्या टोकाला, (६६, −४०) वर.

भाची हे दहा वेळा तरी पुढेमागे करत होती. मी वहीत निश्चयक मांडला, म्हणजे दोन्ही समीकरणांतल्या क्ष आणि य यांच्या सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी: २ गुणिले म वजा ३ गुणिले ४, म्हणजे २म − १२. म ६ झाला की तो शून्य. स्विस गणिती गाब्रिएल क्रेमर यांनी १७५० साली मांडलेल्या पद्धतीत याच निश्चयकाने भागायचं असतं. हा छेदातला निश्चयक जसजसा शून्याजवळ जातो तसतसा बिंदू दूर पळतो, आणि शून्य झाला की भागाकारच करता येत नाही. त्या फोटोवाल्या ॲपने दिलेलं ‘उकल नाही’ तिला कळलं ते इथे.

मग ४क्ष + ६य = ग घेतलं. ही रेषा पहिलीला समांतर सरकते. ग २४ वर आला आणि ती ओरडली, “मावशी, एक रेघ गेली!” समीकरणाशेजारचा छोटा गोल दाबला की ती आकृती लपते. आम्ही पहिली रेषा लपवली, तर तिच्याखाली दुसरी होतीच. दोन समीकरणं वेगळी दिसतात, पण रेषा एकच आणि उकली अनंत.

आता जपून वापरायच्या जागा. आमच्या पडद्यावर किमती दोन दशांश स्थळांपर्यंत दिसत होत्या. क्ष + २य = ३ आणि ४क्ष − य = १ यांचा छेदनबिंदू (०.५६, १.२२) असा दिसला. दुसऱ्या समीकरणात ठेवून पाहिलं तर १.०२ येतं, १ येत नाही. खरी उकल ५/९ आणि ११/९ आहे. सेटिंगमध्ये दशांश स्थळं वाढवता येतात, पण ५/९ दशांशात कधी संपतच नाही. म्हणून नेमकं उत्तर लोप पद्धतीनेच काढायचं आणि आकृती ते पटतं का हे पाहायला ठेवायची, असं आम्ही ठरवून टाकलं.

दुसरं, रेषा संदर्भ ओळखत नाही. १२ पुस्तकांचे दोन-दोनाचे आणि तीन-तीनाचे गठ्ठे करा, एकही पुस्तक उरू नये, हेही २क्ष + ३य = १२ च आहे. पण गठ्ठे अर्धे किंवा उणे नसतात. त्या सलग रेषेवर चालणारे बिंदू तीनच: (०, ४), (३, २), (६, ०). हे सांगायला शेजारी माणूस बसलेला हवा.

आणि आलेखाचा कागद सोडू नका. पहिले पाच-सहा आलेख मी तिला हातानेच काढायला लावले: क्रमित जोड्यांचा तक्ता, प्रमाण ठरवणं, तीन बिंदू. दोन पुरतात, पण तिसरा रेषेबाहेर पडला तर चूक लगेच सापडते. यंत्राच्या रेषेत ती संधी नाही.

मोबाइलवर चालतं, पण समीकरणं आणि आकृती एका छोट्या पडद्यात दाटीवाटीने बसतात; सरकपट्टी ओढताना बोटच आकृतीवर येतं. मोठा पडदा मिळाला तर तोच घ्या.

काल तिने स्वतःहून क्ष = ४ टाकलं. उभी रेषा आली. “यात य कुठेच नाही, मग दोन चलं कशी?” असं विचारलं आणि मी बोलायच्या आत बिंदू ठेवून ओढायला लागली: (४, −३), (४, ०), (४, ७). “य काहीही चालतो,” ती म्हणाली आणि वहीत लिहिलं, क्ष + ०य = ४.